दर कापला की हात आखडतो

चार कारखानदार एकत्र बसले की एक तक्रार हमखास निघते. माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत आणि टिकली तरी मन लावून काम करीत नाहीत. चार कारागीर एकत्र बसले की दुसरी तक्रार निघते. कितीही राबा, शेठच्या डोळ्यांत येत नाही. आणि जरा जास्त काम काढून दाखवले तर दरच खाली येतो. दोन्ही तक्रारी आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आमचे मत असे की दोघेही खोटे बोलत नाहीत. एकाच दुखण्याची ही दोन तोंडे आहेत.

माणूस कामात मन का घालतो, का काढून घेतो आणि चांगल्या घरचा माणूससुद्धा दुकानात बसल्यावर लबाडी का करू लागतो, याचा अभ्यास गेली शंभर वर्षे चालू आहे. हा अभ्यास बहुतांशी अमेरिकेतील मोठ्या कारखान्यांत झाला. पण माणसाचे मन भिवंडीच्या यंत्रमागावर, मालेगावच्या साच्यावर किंवा शिलाईच्या यंत्रावरही तेच असते. म्हणून आजच्या पाठात आम्ही तिकडचे चार अनुभव घेतले आहेत. मालक आणि कारागीर अशा दोघांनीही ते वाचावेत.

चौदा माणसांची खोली

शिकागो शहराजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तेथे टेलिफोनची यंत्रसामग्री बनत असे. १९२४ ते १९३२ या काळात तेथे कामगारांवर बरेच प्रयोग झाले. त्यातील शेवटचा प्रयोग आपल्या फार कामाचा आहे.

नोव्हेंबर १९३१ मध्ये चौदा कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसविण्यात आले. नऊ जण तारा जोडणारे, तिघे डाग देणारे आणि दोघे तपासनीस. खोलीत एक निरीक्षक नुसता बसून पाहत असे आणि टिपणे ठेवीत असे. मजुरी होती सगळ्या गटाच्या मिळून झालेल्या कामावर. जितका माल जास्त, तितकी सर्वांची कमाई जास्त. हिशेबाने पाहिले तर प्रत्येकाने जोर लावायला हवा होता.

घडले ते उलटेच. कामगारांनी आपसांत न बोलता एक हद्द ठरवून टाकली होती : दिवसाला माणशी दोन संच. तेवढे होत आले की दुपारनंतर हात सैल पडत. कोणी फार भराभर काम करू लागला की त्याची टिंगल होई आणि दंडावर एक गुद्दाही बसे. फार कमी काम करणाऱ्यालाही बोलणी बसत, कारण तो दुसऱ्यांच्या जिवावर खातो. एखाद्या दिवशी जास्त माल निघाला तर तो झाकून ठेवीत आणि दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात दाखवीत. साहेबाकडे चुगली करणारा तर सर्वांत नालायक समजला जाई.

हे लोक आळशी होते काय? मुळीच नाही. विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले की आम्ही जास्त काढले तर कंपनी दर खाली आणील, नाहीतर आमच्यातील एखाद्याला घरी पाठवील. गंमत अशी की, त्या खोलीतील कोणावरही पूर्वी तशी पाळी आल्याचे संशोधकांना आढळले नाही. नुसती भीती पुरली. तो काळ जागतिक मंदीचा होता आणि काम नसल्यामुळे मे १९३२ मध्ये ती खोलीच बंद झाली. कामगारांची भीती अगदीच हवेतली नव्हती, हे त्यावरून दिसते.

फ्रिट्झ रोथलिसबर्गर आणि विल्यम डिक्सन यांनी १९३९ साली या सर्व प्रयोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्यासाठी त्यातील धडा एवढाच : कारागीर आजच्या दरावर काम करीत नाही, उद्याच्या दरावरच्या विश्वासावर काम करतो.

नगाचा हिशेब

हाच धडा आपल्या हिशेबात मांडून पाहू. समजा, एका शिलाई कारखान्यात दर नगाला ४० रुपये मजुरी आहे आणि कारागीर दिवसाला २० नग काढतो. त्याची कमाई झाली ८०० रुपये. मेहनत करून, हात बसवून तो २६ नगांवर गेला. आता कमाई १,०४० रुपये. शेठच्या मनात येते, "हा तर फारच कमावू लागला." आणि दर ३२ रुपयांवर येतो. आता २६ नगांचे होतात ८३२ रुपये. म्हणजे वाढीव सहा नगांचे कारागिराच्या हातात पडले अवघे ३२ रुपये! पुढच्या आठवड्यात तो पुन्हा २० वर आला, तर दोष कोणाचा? त्यातही आता २० नगांचे त्याला ६४० रुपयेच मिळणार. दुसरा कारखाना दिसला की तो निघून जाईल, आणि त्याचे पाहून शेजारच्या यंत्रावरचाही कधी २० च्या वर जाणार नाही.

आता शेठची बाजू पाहू. जागेचे भाडे, यंत्रावरचे हप्ते, कटिंग मास्तरचा पगार असा दर यंत्रामागे रोजचा ठोक खर्च २६० रुपये धरा. २० नग निघाले तर नगावर १३ रुपये पडतात. २६ निघाले तर १० रुपये. म्हणजे मजुरीच्या दराला हात न लावता शेठचे दर नगाला ३ रुपये वाचले, शिवाय सहा नग विकायला जास्त मिळाले. वेगवान कारागिराची वाढलेली कमाई शेठच्या खिशातून जात नाही, ती त्याच्या वाढलेल्या कामातून येते. हे एकदा नीट समजले की दर कापण्याचा मोह निम्मा कमी होतो.

तेव्हा पहिला नियम असा : दर ठरविण्याआधी चार दिवस काम मोजा, दोन-तीन कारागिरांना विचारा आणि मग ठरवा. ठरवल्यावर अमुक महिन्यांपर्यंत हा दर हलणार नाही, असे सर्वांसमोर सांगा. नवे यंत्र आणले किंवा नमुनाच बदलला तर नवा दर ठरविणे रास्त आहे. पण केवळ माणूस जास्त कमावू लागला म्हणून दर उतरवणे हा व्यवहारही नव्हे आणि इन्साफही नव्हे.

आपण माप म्हटले की तराजू आणि मीटरपट्टी एवढेच डोळ्यांसमोर आणतो. कुरआनमधील ८३ व्या सूरतीचे नावच मापात कमी करणाऱ्यांवरून आले आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. माल विकताना जे माप, तेच मजुरी मोजताना. कारागिराकडून घेताना भरून घ्यायचे आणि देताना आखडायचे, हीसुद्धा मापातलीच खोट आहे.

ज्याच्या हातचा दोष

येथे कोणी म्हणेल, "नगावर मजुरी दिली की कारागीर नुसता पळत सुटतो. टाका सैल, काज वाकडे, ताग्यात गाठी. त्यापेक्षा रोजंदारी बरी." शंका योग्य आहे. तिचे उत्तर दुसऱ्या अनुभवात मिळते.

सेफलाइट ही मोटारींच्या काचा बसविणारी अमेरिकन कंपनी. १९९४-९५ च्या सुमारास तिने ताशी मजुरी सोडून प्रत्येक काचेमागे मजुरी देणे सुरू केले. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञाने त्या बदलाचा तपशीलवार अभ्यास करून तो २००० साली प्रसिद्ध केला. माणशी काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढले. त्यातील साधारण निम्मी वाढ जुन्याच माणसांनी जास्त काम केल्यामुळे होती. उरलेली वाढ मुख्यतः चपळ माणसे तेथे येऊ लागल्यामुळे आणि टिकल्यामुळे झाली.

पण त्या कंपनीने दोन गोष्टी बरोबरीने केल्या होत्या. पहिली, कमीत कमी ताशी मजुरीची हमी. काम कमी आले तरी माणूस उपाशी राहणार नाही. दुसरी, काच नीट बसली नाही आणि गिऱ्हाईक परत आले, तर ज्याने ती बसवली त्यालाच ती आपल्या वेळात, मजुरी न घेता पुन्हा बसवावी लागे. घाईचा फायदा ज्याचा, घाईचा तोटाही त्याचाच.

आपल्याकडे हे करायला मोठी यंत्रणा लागत नाही. नगाच्या आत कारागिराच्या नंबराची चिठ्ठी, ताग्यावर खडूचा नंबर, दुरुस्तीच्या वहीत नाव, एवढे पुरे. मात्र एक पथ्य कडक पाळावे. दोष तीन प्रकारचे असतात : मालाचा, यंत्राचा आणि हाताचा. सूत कच्चे असेल तर ताणा तुटणारच. यंत्राला महिनोन् महिने तेल-पाणी नसेल तर टाका सुटणारच. त्याचे पैसे विणकराच्या किंवा शिंप्याच्या मजुरीतून कापणे म्हणजे स्वतःची चूक दुसऱ्याच्या ताटातून वसूल करणे होय. डॅमेज कापण्यापूर्वी कारागिराला बोलावून दोष दाखवावा आणि तो कोणत्या प्रकारचा ते त्याच्यासमोर ठरवावे. हाताचा दोष असेल तर चांगला कारागीर तो नाकारीत नाही. नसेल तर कापलेले दहा रुपये तो वर्षभर विसरत नाही.

गिऱ्हाइकाला न दिसणारे काम

आता तिसरा अनुभव. मोटार गॅरेज, मोबाईल दुरुस्ती, चष्मे, पंखे-मोटारींचे वाइंडिंग, असे धंदे करणाऱ्यांनी तो लक्षपूर्वक वाचावा. या धंद्यांत गिऱ्हाइकाला कामातले काही कळत नाही. तो आपल्या शब्दावर पैसे देतो. त्याचा विश्वास ही आपल्याकडे ठेवलेली अमानत असते.

सिअर्स ही अमेरिकेतील जुनी नामांकित कंपनी गाड्यांच्या दुरुस्तीची केंद्रेही चालवीत असे. १९९० च्या सुमारास तिने या केंद्रांत विक्रीवर कमिशन आणि कामाचे ठरीव आकडे लागू केले. अमुक इतके ब्रेक, अमुक इतके स्प्रिंग खपलेच पाहिजेत. लवकरच गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या. कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक खात्याने आपली माणसे साधी गिऱ्हाइके बनवून पाठविली. ३८ पैकी ३४ वेळा गरज नसलेले काम गळ्यात मारण्यात आले. जून १९९२ मध्ये प्रकरण जाहीर झाले आणि कंपनीची देशभर बदनामी झाली. आपल्या कमिशनच्या आणि आकड्यांच्या पद्धतीमुळे चुकांना पोषक वातावरण तयार झाले, हे कंपनीच्या प्रमुखांना मान्य करावे लागले. गाडी तपासून काम सुचविणाऱ्यांचे कमिशन बंद करण्यात आले.

असाच प्रकार पुढे बँकेतही घडला. वेल्स फार्गो या बड्या बँकेने प्रत्येक खातेदाराच्या गळ्यात जास्तीत जास्त योजना घालण्याचे आकडे कर्मचाऱ्यांना दिले होते. ते आकडे गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता त्यांच्या नावाने लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये बँकेने आणखी ३०० कोटी डॉलर देऊन सरकारशी तडजोड केली.

पाच हजारांहून अधिक माणसे एकाच वेळी जन्मजात लबाड निघाली, असे मानणे कठीण आहे. ती कामावर येताना आपल्यासारखीच साधी माणसे होती. पण वरून रोज एकच प्रश्न येत होता : "आज किती?" "कसे केले?" असे विचारणारे कोणी नव्हते. ज्याने आकडा दिला त्याची पाठ थोपटली गेली, ज्याने "हे योग्य नाही" म्हटले तो मागे पडला. मालक ज्याचे पैसे देतो आणि ज्याचे कौतुक करतो, तीच त्या दुकानाची खरी शिकवण असते. भिंतीवर लावलेली पाटी नव्हे.

तेव्हा आपल्या दुकानातील पोराला किती सुटे भाग खपवले यावर बक्षीस देऊ नका. महिनाभरात किती वस्तू दुरुस्तीसाठी परत आल्या नाहीत, यावर द्या. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात देण्याची पद्धत ठेवा. आणि एखाद्या दिवशी पोराने "साहेब, यात काही बिघाड नाही, नुसता कचरा अडकला होता" असे सांगून गिऱ्हाइकाला थोड्या पैशांत परत पाठवले, तर त्या संध्याकाळी गल्ला कमी भरला म्हणून त्याच्यावर डोळे वटारू नका. त्या दिवशी त्याने तुमच्यासाठी एक कायमचे गिऱ्हाईक कमावले.

वाईट दिवसांत

धंदा म्हटला की चढउतार आलेच. ईदच्या आधी शिलाई कारखान्यांत रात्र कमी पडते आणि ईद झाली की यंत्रे गप्प होतात. सूत महागले, कापडाला उठाव नाही, अशा वेळी मजुरीला कात्री लावणे मालकाला कधी कधी भागच पडते. त्या वेळी कसे वागावे याचा अनुभव जेरल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाने १९९० साली प्रसिद्ध केला.

एका अमेरिकन कंपनीचे तीन कारखाने होते. मोठी कंत्राटे हातची गेल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के पगार कमी करण्याचे ठरले. पहिल्या कारखान्यात वरिष्ठांनी कामगारांसमोर सुमारे दीड तास घालवला. काय झाले, पैसे कसे कमी पडत आहेत, किती दिवस हे चालेल, सारे आकडे मांडून दाखवले, मनापासून वाईट वाटत असल्याचे सांगितले आणि प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत हुकूम ऐकवून साहेब निघून गेले. तिसऱ्यात कपात नव्हती.

कारखान्यातून माल आणि हत्यारे किती गायब होतात, याची नोंद होत होती. कपात झालेल्या दोन्ही ठिकाणी चोरी वाढली. पण जेथे हुकूम ऐकवला तेथे ती फार वाढली आणि माणसेही जास्त सोडून गेली. जेथे समजावून सांगितले तेथे वाढ बरीच कमी होती. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही पूर्वीच्या पातळीवर आली. कपात तीच, आठवडे तेच. फरक एवढाच की एका ठिकाणी माणसांना माणसे समजून खरे सांगितले गेले.

चोरी ती चोरीच. तिचे समर्थन आम्ही करीत नाही. पण आपल्यावर अन्याय झाला असे मनाने घेतले की माणूस त्याची भरपाई स्वतःच्या हाताने करू लागतो आणि त्याला ती चोरी वाटतच नाही. कारागिरापुढे वही उघडण्याने मालकाचा रुबाब कमी होत नाही. उलट चांगल्या दिवसांत वही दाखवण्याची सवय ठेवणाऱ्याच्याच शब्दावर वाईट दिवसांत विश्वास बसतो. चांगल्या दिवसांत नफा लपवायचा आणि मंदीत तेवढा तोटा दाखवायचा, हे कोणालाही पटत नाही.

कारागीर बांधवांसाठी

आतापर्यंत मालकाला बरेच सांगितले. कारागिराकडेही काही गोष्टी आहेत. दर कापला जाईल म्हणून हात आखडता घेणे समजू शकते, पण त्यात कारागिराचेही नुकसान आहे. मुद्दाम सैल ठेवलेला हात काही वर्षांनी खरोखरच सैल होतो. त्यापेक्षा चौघांनी मिळून शेठशी बोलावे आणि दराची मुदत ठरवून घ्यावी. आपण किती नग काढले याची स्वतःची छोटी वही ठेवावी, म्हणजे हिशेबाच्या दिवशी तोंडी वाद होत नाही.

उचलीचेही तसेच. अडीअडचणीला उचल लागते. पण उचल घेऊन रातोरात दुसऱ्या कारखान्यात जाणारा माणूस आपल्यामागे येणाऱ्या दहा गरजूंचा दरवाजा बंद करतो. मालकानेही ध्यानात ठेवावे की उचलीने बांधून ठेवलेला माणूस कारखान्यात हजर असतो, पण त्याचे मन तेथे असेलच असे नाही.

पडताळून पाहा

वाचून बाजूला ठेवला तर या पाठाचा उपयोग नाही. येत्या आठवड्यात मालकांनी पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत आणि उत्तरे कागदावर लिहावीत.

१. गेल्या दोन वर्षांत कोणाची कमाई वाढली म्हणून आपण दर उतरवला काय?

२. काम मंदावले तर कारागिराला कमीत कमी किती मिळेल, हे त्याला ठाऊक आहे काय?

३. डॅमेजचे पैसे कापताना दोष मालाचा, यंत्राचा की हाताचा, हे कोण ठरवतो? कारागीर तेव्हा समोर असतो काय?

४. आपल्या दुकानात बक्षीस आणि शाबासकी कशाला मिळते? गल्ल्याला, की परत न आलेल्या कामाला?

५. वाईट बातमी आपण स्वतः सांगतो, की मुकादमाकरवी पोहोचवतो?

ज्यांची उत्तरे समाधानकारक असतील त्यांना माणसे का टिकत नाहीत, हा प्रश्न फारसा पडत नसेल. ज्यांची नसतील त्यांनी पाचांपैकी एकच गोष्ट निवडावी आणि तीन महिने नेटाने पाळावी. आमचे सांगणे असे की दराच्या मुदतीपासून सुरुवात करा. त्याला एक पैचा खर्च नाही. फक्त दिलेला शब्द पाळावा लागतो. शेठचा शब्द पक्का आहे हे एकदा कारागिराला पटले की त्याला हाताला जोर लावायला सांगावे लागत नाही. धंद्यातली बरकत तेथूनच सुरू होते.